दोन हैदराबादा आणि एक जोडकार्ड

कल्याण स्टेशनाला लागून टपालाची एक लांबट खोली होती. त्या खोलीत त्र्यंबकराव चौबळ एकवीस वर्षं उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. खोलीत खुर्ची एकच, आणि ती पोस्टमास्तरांची. त्र्यंबकरावांसमोर भिंतभर लाकडी फळी होती, तिला बहात्तर खण, आणि प्रत्येक खणावर एका गावाची चिठ्ठी. डाव्या हातावर पत्रांची चळत घ्यायची, पत्ता वाचायचा आणि उजव्या हाताने पत्र त्याच्या त्याच्या खणात भिरकवायचं, हा त्यांचा धंदा. सवय अशी की शिंक आली तरी पत्र चुकत नसे. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं.

कल्याणला आगगाडीच्या दोन वाटा फुटतात. एक खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी कसाऱ्याचा घाट चढून नाशिक-भुसावळकडे. मागे मुंबई, आणि मुंबईच्या मागे समुद्र. तेव्हा कुठलंही पत्र या तीन तोंडांपैकी एका तोंडात घातलं की काम झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटे. आतल्या माणसाला ठाऊक होतं की मामला इतका सरळ नाही. देवाने गावं भरमसाट केली आणि माणसांनी नावं मात्र मोजकीच शोधली.

त्र्यंबकरावांना हे कळलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. एका साहेबाचं पत्र हैदराबादचं होतं. त्यांनी ते पुण्याच्या थैलीत टाकलं. ते निजामाच्या राजधानीत पोचलं आणि तिथे साहेब काही सापडेना. सापडणार कसा, साहेब सिंधमधल्या हैदराबादेत तापाने फणफणत पडला होता. तिकडची वाट मुंबईहून आगबोटीने कराचीला आणि पुढे. महिन्याभराने वरून ताशेरा आला. दुसऱ्या कोणी तो मुकाट्याने गिळून पुढे काम केलं असतं. त्र्यंबकरावांनी पारनाक्यावरून लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: हैदराबाद, दोन.

तेव्हापासून वही वाढत गेली. विलायती पाकिटांवरून, शाळेतल्या फाटक्या नकाशावरून, आगगाडीची वाट बघत बसलेल्या पाद्र्यांना विचारून त्यांनी नावं गोळा केली. लंडन विलायतेत आहे आणि कॅनडातही आहे. पर्थ स्कॉटलंडात आहे आणि ऑस्ट्रेलियातही. सेलम मद्रासेकडे एक, अमेरिकेत एक. वेलिंग्टन निलगिरीत एक, न्यूझीलंडात एक. ही झाली दूरची. जवळ तर नुसता बाजार होता: खोणी कल्याणकडे आणि खोणी भिवंडीकडे, काटई कल्याणकडे आणि काटई भिवंडीकडे. ठाण्याचं पान त्यांनी निम्म्यात सोडून दिलं. जिथे म्हणून शिपायांनी कधी तळ दिला, तिथे तिथे एक ठाणं निघत होतं.

एवढं जग जमवलेल्या माणसाने स्वतः पाहिलं होतं ते ठाण्यापर्यंत. तेही परीक्षेपुरतं. तिथलं पाणी बाधलं, पोट बिघडलं, आणि त्र्यंबकरावांनी प्रवासाचा नाद कायमचा सोडला.

पारनाक्यावरची रिकामटेकडी मंडळी त्यांना रस्त्यात अडवत. "काय त्र्यंबकराव, आज कोणाला जुळं झालं?"

"अलेक्झांड्रिया," त्र्यंबकराव गंभीरपणे सांगत. "मिसरात होतीच. अमेरिकेतही निघाली."

घरी कलावतीबाई म्हणत, "दुनियेतली जुळी गावं सांगता येतात, आणि दोन डब्यांतला मिठाचा कोणता ते सांगता येत नाही." हे खरं होतं. एकदा त्यांनी चहात मीठ घातलं होतं आणि तो प्यायलाही होता, कारण त्या वेळी ते न्यूकॅसलच्या विचारात होते.

आता या कामात एक रिवाज होता आणि तो इथे सांगून ठेवायला हवा. साहेबलोक पत्त्यावर सिंध की दक्षिण ते लिहीत. पण बाळबोध किंवा मोडीत पत्ता असला आणि नुसतंच 'हैदराबाद' असलं, तर ते पत्र बिनदिक्कत पुण्याच्या थैलीत जायचं. कल्याणहून जो कोणी पोटासाठी हैदराबादेला जाई तो निजामाच्याच जाई. रिवाज कोणी लिहिलेला नव्हता. त्र्यंबकरावांनीच पाडला होता, आणि शंभरातली नव्व्याण्णव पत्रं त्याने बरोबर जात होती.

शंभरावं पत्र ठाकुर्लीच्या बायजाचं होतं.

बायजा आगरी बाई. नवरा मिठागरात राबून गेला. मुलगा धाकू मिठागरात न राबता रुळांच्या कामावर लागला आणि एका कंत्राटदाराच्या टोळीबरोबर निजामाच्या मुलखात गेला. मागे बायजा आणि सून तुळसा. लिहिता-वाचता तिघांपैकी कोणालाच येत नव्हतं. तेव्हा निघताना धाकूने टपालवाल्या पंढरीच्या सल्ल्याने एक तोड काढली. टपालात नुकतीच जोडकार्डं आली होती. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली असायची. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर परतीचा पत्ता. ज्याला मिळेल त्याने कोरं फाडून पेटीत टाकायचं. बायजाने महिन्याला एक जोडकार्ड पाठवायचं, पंढरीने वर पत्ता घालायचा, आणि धाकूने कोऱ्या अर्ध्यावर आपला अंगठा उठवून ते परत धाडायचं. अंगठा आला म्हणजे पोरगा खुशाल. शाईची गरज नव्हती. रुळांखालच्या लाकडांना लावायचं डांबर धाकूच्या हाताला बारमाही असायचंच.

दीड वर्ष हे सुरळीत चाललं. काळा अंगठा यायचा, बायजा तो कपाळाला लावायची, आणि तिच्या कपाळावर दिवसभर डांबराचा ठिपका मिरवायचा.

मग एका महिन्यात अख्खं जोडकार्डच परत आलं. दोन्ही अर्धी जोडलेली, वर दोन-चार शिक्के आणि इंग्रजीत काहीबाही खरडलेलं. पुढच्या महिन्यात तसंच, त्याच्या पुढच्याही महिन्यात. इंग्रजी पंढरीला येत नव्हतं. तो नुसता म्हणाला, "बायजे, या खेपेला पुरं कार्ड आलंय."

"पोरगा शाना झाला," बायजा म्हणाली. "अर्धं फाडून वाया कशाला घालवायचं? पुरंच्या पुरं धाडलंन." आणि ती ते कार्ड छातीशी धरून गावभर दाखवत फिरली. पहिल्यापेक्षा दुप्पट आलं होतं, म्हणजे पोरगा दुप्पट खुशाल, असा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे असं सांगायला गावात कोणापाशीच काही आधार नव्हता.

असे अकरा महिने गेले. ती अकराही कार्डं जाताना त्र्यंबकरावांच्या हातून गेली आणि येताना त्यांच्याच हातून आली. परत आलेली पत्रं रोज पाचपन्नास असायची. कोण बघतो.

अठराशे चौऱ्याण्णवच्या शिमग्यानंतर आठवड्याभराने, दुपारच्या गाडीची थैली बांधून झाल्यावर, टपालाच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. विशीतली, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पोस्टमास्तर खुर्चीत डुलकी घेत होते.

"मास्तर," ती त्र्यंबकरावांना म्हणाली, "मी तुळसा. ठाकुर्लीच्या बायजाची सून. तुमाला विंग्रजी येतंय असं पंढरी बोलला."

"येतं थोडंफार."

तिने फडकं सोडलं आणि अकरा जोडकार्डं मेजावर ओळीने मांडली. "ह्यातल्या कनच्या कार्डाला त्याचा हात लागलाय, येवढं सांगा."

त्र्यंबकरावांनी चष्मा चढवला. पहिलं कार्ड उचललं. "इथे लिहिलंय, हा इसम काम सोडून गेला."

"आनि ह्याच्यावर?"

"हा इसम इथे नाही."

"ह्याच्यावर?"

"तेच." त्यांनी भराभर बाकीची उलटली. "सगळ्यांवर तेच आहे, बाई. एकही कार्ड त्याला मिळालेलं नाही."

तुळसाने मान हलवली. रडली वगैरे नाही. "मना वाटलंच व्हतं. डांबराचा वास येत नव्हता."

"मग सासूला सांगितलं का नाहीस?"

"ती रोज संध्याकाळी कार्डाशी बोलतंय. कसं सांगू?"

मग तिने आपलं काम काय ते सांगितलं. तिचा भाऊ गणू कळव्याला मिठागरात होता. त्याने पंचांकडे गाऱ्हाणं घातलं होतं की नवऱ्याचा वर्षभर अंगठा नाही, बहीण किती दिवस वाट बघणार. त्यांच्यात काडी मोडून बाईला मोकळी करायची आणि दुसऱ्या घरी पाट लावून द्यायचा रिवाज होता. कळव्याचा एक बिजवर गणूने बघूनही ठेवला होता. पंचांनी अक्षयतृतीयेचा दिवस दिला. तोवर धाकूची काही निशाणी आली तर ठीक, नाहीतर काडी मोडायची.

"आणि तुझ्या मनात काय आहे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"माझ्या मनात तो जिता हाय का मेला, हे हाय," तुळसा म्हणाली. "जिता असला तर मी कळव्याला जायची नाय. मेला असला तर मंग कळवा काय आनि ठाकुर्ली काय."

"इतक्या महिन्यांत कोणी काही खबर आणली नाही?"

"गावचा एक जन त्यांच्याच टोळीत व्हता. तो दिवाळीला आयला, परत गेला. तो बोलला, धाकू हैदराबादेलाच हाय, बरा हाय. नदी तिथं खाडीयेवढी हाय, नि नदीत पाला मासा घावतंय, रोज खातात. पन पंच बोलले, तोंडाचं काय खरं. तो दारू पिऊन बोलतो. अंगठा दाखवा."

पाल्याचं नाव निघालं तसं त्र्यंबकरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. पाला म्हणजे काट्यांचं जंगल, पण चवीला राजा. त्यांनी तो घोट गिळला, अजून एक कार्ड टाकून बघू असं तुळसाला सांगितलं आणि तिला वाटेला लावलं. वहीत जग जमवणाऱ्या माणसाला त्या क्षणी एवढंच सुचलं.

खरी गोष्ट कळली ती दुसऱ्या दिवशी जेवताना. पानात मांदेली मासळी होती.

"निजामाच्या हैदराबादेला नदीत पाला मिळतो म्हणे," त्र्यंबकराव एक काटा बाजूला ठेवत म्हणाले. "रोज खातात. नशीबवान आहेत."

कलावतीबाईंचा वाढणारा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"एक आगरीण आली होती."

"आगरीण पाल्याबद्दल चुकायची नाही. तुम्हीच काहीतरी चुकीचं ऐकलंत."

"अगं, याच कानांनी ऐकलं."

"अहो, पाला समुद्रातला. समुद्रातून नदीत चढतो. आपल्या खाडीत येतो तो समुद्र जवळ आहे म्हणून. तुमच्या निजामाला समुद्र आहे का?"

"नाही. कुठल्याच बाजूला नाही."

"मग पाला तिकडे काय आगगाडीने जातो?"

त्र्यंबकरावांनी हातातला घास पानात ठेवला. खाडीएवढी नदी. निजामाच्या हैदराबादेची मुसी नदी उन्हाळ्यात माणूस धोतर वर करून ओलांडतो, हे त्यांना गेल्या वर्षीच एका प्रवाशाने सांगितलं होतं. खाडीएवढी नदी आणि तिच्यात समुद्रातून चढलेला पाला, अशी हैदराबाद जगात एकच होती. टोळीने निजामाकडचं काम संपवलं होतं आणि कंत्राटदाराने माणसं उचलून सिंधूकाठच्या कामावर नेली होती. धाकूच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. आधी हैदराबाद, आताही हैदराबाद. कळवायचं काय, आणि लिहिता येत नसताना कळवायचं कसं?

"काय झालं?" कलावतीबाईंनी विचारलं. "काटा लागला?"

"हो," त्र्यंबकराव म्हणाले.

दुपारची झोप न घेता ते परत स्टेशनावर गेले. लाल वही उघडलीच नाही. तिच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते तोंडपाठ होतं आणि आज ते वाचायची इच्छा नव्हती. अकरा कार्डं. प्रत्येक कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने पुण्याच्या थैलीत भिरकावलं होतं, शिंक न येता.

त्यांनी नवं जोडकार्ड घेतलं. पत्त्यावर धाकूचं नाव, टोळी, रुळांचं काम, हैदराबाद, आणि त्याखाली सिंध असं इतकं जाड लिहिलं की निब फाकलं. पण सिंधमध्ये रुळांचं काम म्हणजे काही पारनाका नव्हे. टोळी कुठे तळ देऊन असेल कोणाला ठाऊक. तिथल्या टपालवाल्याने मनावर घेतलं तरच कार्ड माणसापर्यंत जाणार.

सिंध हैदराबादेच्या टपालखोलीत त्र्यंबकरावांसारखाच एक इसम उभा असे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण अठरा वर्षांची ओळख होती, आणि ती सगळी भांडणाची. एखादं पत्र चुकून भलत्या ठिकाणी गेलं की तिथला माणूस चूक नोंदवायचा एक छापील कागद भरून पाठवी: चूक कोणती, कोणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. त्या इसमाची सही वेटोळं घातलेल्या सापासारखी होती. तो साप आला की त्र्यंबकरावांचा दिवस वाईट जाई, आणि तेही संधी मिळेल तेव्हा तिकडे असाच कागद धाडून परतफेड करत. गेल्या दिवाळीतच त्यांनी 'आपणास भूगोलाचे ज्ञान असल्यास' अशी सुरुवात करून एक झणझणीत कागद पाठवला होता.

आता त्यांनी तोच छापील कागद पुढे ओढला. चूक कोणती: अकरा कार्डे दक्षिणेस गेली. कोणाची: माझी. पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, या रकान्यात त्यांनी बायजा, तुळसा, अंगठा, पंच आणि अक्षयतृतीया हे सगळं बारीक इंग्रजीत भरलं. जागा पुरली नाही तेव्हा कडेने वर लिहीत गेले. शेवटी, माणूस शोधून कार्ड हातात द्यावे, एवढी विनंती. कागद आणि कार्ड एकत्र बांधून त्यांनी मुंबईच्या थैलीत ठेवलं. भिरकावलं नाही, ठेवलं.

पोस्टमास्तरांनी खुर्चीतून विचारलं, "काय चौबळ, स्वतःविरुद्धच कागद?"

"दुसऱ्याने पाठवण्याआधी म्हटलं आपणच पाठवावा."

त्या रविवारी ते ठाकुर्लीला चालत गेले. कार्ड टाकलं होतं, तेव्हा गप्प बसूनही भागलं असतं. पण तुळसाने आपल्या सासूला सांगायचं आणि ज्याने चूक केली त्याने कल्याणात मांदेली खायची, हे त्यांना बरं दिसेना. बायजा दारात जाळं विणत बसली होती. योगायोगाने गणूही आलेला होता, आणि ओटीवर पाय पसरून कळव्याच्या बिजवराच्या दोन म्हशींचं कौतुक सांगत होता.

त्र्यंबकरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. हैदराबादा दोन आहेत. कार्डं भलतीकडे गेली. धाकूने एकही परत पाठवलेलं नाही. ती टपालाने परत पाठवली. चूक पंढरीची नाही, माझी आहे.

बायजाने ते सगळं ऐकून घेतलं. मग जाळ्याची सुई खाली ठेवली.

"मंग अकरा म्हयने मी कोनाशी बोलत व्हते?"

त्र्यंबकरावांनी पगडी काढून हातात धरली. तुळसा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून सासूच्या शेजारी बसली.

गणू मात्र बोलला. "म्हंजे मास्तर, तुमच्या फळीच्या खनात माझी बहीन अडकली, असंच ना?"

"असंच."

"येवढं शिकून?"

"शिकलो म्हणूनच. न शिकलेल्याला खणच नसतात."

गणूला हसू आलं, ते त्याने मिशीत लपवलं. "तुमी चांगलं केलंत, येऊन सांगितलंत. पन कार्ड नाय आयलं तर?"

"नाही आलं तर नाही आलं."

"मंग आखितीज ती आखितीज. पंचांचा दिस मी फिरवनार नाय."

"फिरव म्हणून मी आलेलोच नाही," त्र्यंबकराव म्हणाले आणि पाणी पिऊन परत निघाले.

जायला आठवडा, यायला आठवडा, मध्ये माणूस शोधायला दोन-चार दिवस. त्र्यंबकरावांनी मनाशी अठरा दिवस धरले होते. अठरावा दिवस गेला, बाविसावा गेला. मुंबईहून येणारी प्रत्येक थैली ते स्वतः फोडू लागले. पारनाक्यावर कोणी विचारलं, आज कोणाला जुळं झालं, तर ते ऐकू न आल्यासारखे पुढे जात. घरी चहात पुन्हा मीठ पडलं. या वेळी कलावतीबाईंनी कप मुकाट्याने उचलला आणि दुसरा चहा आणून ठेवला.

अक्षयतृतीयेला तीन दिवस असताना सकाळच्या थैलीतून साप निघाला.

छापील कागद तोच. चूक कोणती, या रकान्यात उत्तर होतं: वसूल पावली. खाली आडव्यातिडव्या इंग्रजीत लिहिलं होतं की टोळीचा तळ हलून दोन मजल पुढे गेला होता, त्यामुळे उशीर झाला. सुटीच्या दिवशी उंटावरून जाऊन इसमास प्रत्यक्ष भेटलो. प्रकृती उत्तम. घरचे कार्ड का येत नाही म्हणून इसम फार खिन्न होता. घरच्यांनी आपणास टाकले असे त्याला वाटत होते. काम आणखी दोन वर्षे चालेल, रजा नाही. आणि अगदी तळाला, सापाच्या वर: 'आपणास भूगोलाचे ज्ञान आहे, हे मान्य.'

कागदाबरोबर अर्धं जोडकार्ड होतं.

नियमाप्रमाणे कार्ड पंढरीच्या पिशवीत गेलं आणि पंढरीच ते द्यायला निघाला. त्र्यंबकराव त्याच्याबरोबर चालत गेले. नियमात त्याला मनाई नव्हती. वाटेत पंढरी तीनदा म्हणाला, "रावसाहेब, जरा हळू." ठाकुर्लीला पोचेपर्यंत दोघांचे सदरे पाठीला चिकटले होते.

बायजाने हात पुढे केला नाही. "आधी तिला द्या," ती म्हणाली. "माझं आता खरं नाय. मना काय पन खरं वाटतं."

तुळसाने कार्ड घेतलं. अंगठा पुसट उठला होता, उंटाच्या घामाने की आगबोटीच्या दमटाने, देव जाणे. तिने तो बघितलाच नाही. कार्ड नाकाशी नेलं आणि डोळे मिटून हुंगलं. मग उजेडात धरलं. अंगठ्याच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. लहानपणी बापामागे मिठागरात फिरताना मीठ ओढायच्या फाळ्याने झालेल्या जखमेचा वण तसाच राहिला होता.

"त्याचाच हाय," ती म्हणाली आणि कार्ड सासूच्या मांडीवर ठेवलं.

त्र्यंबकरावांनी तिला कागद वाचून दाखवला. टाकले असे त्याला वाटत होते, इथे आल्यावर तिने त्यांना थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. काम दोन वर्षं, ही ओळही पुन्हा.

"दोन वर्सं महिन्याला अर्धं कार्ड," ती बोटं मोजत म्हणाली. "मास्तर, ही जी तुमची दुसरी हैदराबाद हाय, तिकडं मानूस जातंय का, का कार्डच जातंय?"

"माणूसही जातो. मुंबईला जायचं, आगबोटीने कराची, तिथून आगगाडी, मग सिंधू नदी होडीने."

"टोळीत बायका हायत?"

"टोळीत बायका असतातच. माती वाहायला."

"मी मीठ वाहिलंय," तुळसा म्हणाली. "माती काय मिठापेक्षा जड नसंल."

अक्षयतृतीयेला पंच जमले. गणू कळव्याहून आला. कार्ड हातोहात फिरलं, सगळ्यांनी ते हुंगलं, आणि एका म्हाताऱ्या पंचाने डांबर खरं असल्याचा निवाडा दिला. काडी मोडायचा विषय तिथेच मिटला. मग तुळसाने आपला बेत सांगितला, आणि ज्या गणूने महिनाभर तिला धाकूपासून सोडवायची खटपट केली होती, तोच आता आगबोटीवर एकटी बाई कशी जाणार म्हणून वाद घालू लागला. शेवटी तो म्हणाला, कराचीपर्यंत मी सोडतो. मिठागराचा हंगाम संपतच आला होता. त्याला म्हणे समुद्राची पलीकडची बाजूही बघायची होती.

निघायच्या दिवशी सकाळी त्र्यंबकराव फलाटावर होते. बायजा होती, पंढरी होता. त्र्यंबकरावांनी एका जाड पुठ्ठ्यावर पत्ता लिहून आणला होता, देवनागरीत आणि इंग्रजीत, आणि सिंध या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"कोणी विचारलं तर हे दाखव. कोणी पुण्याच्या गाडीत बसवायला लागलं तर बसू नकोस."

"मी काय कार्ड हाय व्हय?" तुळसा म्हणाली, पण पुठ्ठा तिने पदरात नीट बांधून घेतला. सासूच्या पाया पडली. बायजाने तिच्या बोचक्यात सुक्या बोंबलांची एक पुडी कोंबली. तिकडे रोज पाला मिळतो हे तिला सांगून उपयोग नव्हता.

गाडी मुंबईकडे निघाली, तुळसाचा हात खिडकीतून दिसेनासा झाला. पंढरी आपल्या पिशवीकडे वळला. बायजा फलाटावर तशीच उभी होती. त्र्यंबकरावांना खोलीत जायचं होतं, पण ते तिच्याशेजारी थांबले.

"बाबा," बायजा म्हणाली, "हैदराबादा दोन, काटई दोन, खोन्या दोन, असं पंढरी बोलतो. ठाकुर्ल्या किती?"

त्र्यंबकरावांनी खरोखरच आठवून बघितलं. "माझ्या माहितीत एकच."

"मंग परत येताना चुकायची नायत दोघं," बायजा म्हणाली आणि रुळांच्या कडेने घराकडे चालायला लागली.